दूरच्या गटाचा एक संचालक काय करणार?

वार्षिक सभेच्या तोंडावर एक सूचना पुढे आली आहे. गटांची फेररचना करावी आणि दरेकसा भागाचा लहान गट शेजारच्या मोठ्या गटाला जोडून टाकावा. सूचना मांडणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे. ऊस जिथे जास्त आणि सभासद जिथे जास्त, तिथे संचालक जास्त. दरेकसा-सालेकसाकडचा मुलूख धानाचा. जंगलाच्या कडेला, विहिरीच्या भरवशावर ऊस लावणारे तिथे थोडेच. त्यांच्यासाठी मंडळातली एक जागा का अडवायची? गंमत अशी की त्या भागातले काही सभासदही म्हणतात, "जाऊ द्या ना साहेब, आमचा एकटा माणूस तिथं बसून काय करून राहिला?"

आम्ही शेतकी खात्याचे नोकर. संचालकांच्या निवडणुकीत आमचे मत नाही आणि नसावेच. पण उसाच्या नोंदी घ्यायला आणि तोडणीचा क्रम लावायला त्या बांधावर आम्हीच जातो, म्हणून दोन शब्द लिहितो.

असाच प्रश्न युरोपातल्या देशांपुढे होता. आज 27 देशांची मिळून तिथे एक संसद आहे. तिचे सभासद 1979 पासून लोक थेट मतदानाने निवडून देतात. 2024 च्या निवडणुकीपासून जागा 720 आहेत. पैकी जर्मनीच्या 96 आणि माल्टा या चिमुकल्या बेटाच्या 6. माल्टाची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. जर्मनीची आठ कोटींच्या वर. नुसती डोकी मोजली असती तर माल्टाच्या वाट्याला पुरती एक जागाही आली नसती. पण त्यांनी करारातच लिहून ठेवले आहे की कोणत्याही देशाला सहापेक्षा कमी नाही आणि शहाण्णवपेक्षा जास्त नाही. लहानाला थोडे झुकते माप, मोठ्याला थोडी कात्री. जर्मन मतदाराला हे खटकत असेलही. तरी ठरले ते ठरले. दरेकसाच्या बाजारात मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी कानावर पडते. त्या सभागृहात 24 भाषा चालतात आणि माल्टाचा माणूसही आपल्याच भाषेत बोलू शकतो.

आपल्याकडचा जुना दाखला गोव्याचा. पोर्तुगालच्या संसदेसाठी 1822 साली गोव्यातून तिघे निवडले गेले. बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा आणि कोंस्तांसियो रोक द कोश्ता हे दोघे गोवेकर, तिसरा पोर्तुगीज डॉक्टर. जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. हे दोघे लिस्बनला पोचले तेव्हा ती संसद बरखास्त झालेली होती! म्हणून गोवेकरांनी जागा सोडली का? नाही. पुढे 1861 साली नावेलीचे डॉ. फ्रांसिस्को लुईश गोमिश त्याच सभागृहात उभे राहिले आणि समुद्रापलीकडच्या मुलखांचे प्रतिनिधित्व काढून घेऊ नये म्हणून भांडले. अलीकडचे सांगायचे तर गोव्याच्याच मुळाचे अंतोनियो कोश्ता 2004 साली पोर्तुगालतर्फे युरोपच्या संसदेत निवडून गेले आणि तिचे एक उपाध्यक्षही झाले.

मात्र जागा मिळाली की काम झाले, असे आम्ही म्हणणार नाही. इथे उसाच्या धंद्याशी जवळची गोष्ट आयर्लंडची आहे.

आयर्लंडमध्ये साखर बीटाची. युरोपात साखर करणाऱ्या देशांना कोटा होता आणि भाव बांधलेला होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि 2005 साली निकाल युरोपविरुद्ध गेला. (पुढे 2021 साली असाच निकाल आपल्या देशाविरुद्धही लागला आणि भारताने त्यावर अपील केले.) नोव्हेंबर 2005 मध्ये युरोपच्या कृषिमंत्र्यांनी ठरवले की साखरेचा आधारभाव चार वर्षांत 36 टक्के खाली आणायचा. त्या वेळी संसदेत आयर्लंडचे 13 सभासद होते. पण शेतीच्या कायद्यात संसदेला तेव्हा फक्त आपले मत कळवता येत होते, निर्णय मंत्र्यांचा. संसदेने जानेवारी 2006 मध्ये मत कळवले, मंत्र्यांनी फेब्रुवारीत कायदा केला. तिकडचा कारखाना कंपनीचा, शेतकऱ्यांचा नव्हे. कोटा सोडणाऱ्याला भरपाई होती. कंपनीने कार्लोचा कारखाना 2005 सालीच बंद केला होता, मॅलोचा 2006 साली केला, आणि त्या देशातली बीटाची साखर संपली. तेरा माणसे होती, पण त्यांच्या हातात काही नव्हते.

डिसेंबर 2009 मध्ये नवा करार अमलात आला आणि शेतीच्या कायद्यात संसदेला मंत्र्यांच्या बरोबरीचा अधिकार मिळाला. मग 2013 साली कोटा कायमचा उठवायचा विषय आला. आधीचा प्रस्ताव 2015 चा होता. संसदेने 2020 पर्यंत मुदत मागितली. ओढाताण होऊन शेवटी 30 सप्टेंबर 2017 ठरले. दोन हंगाम जास्तीचे मिळाले. बेणे घरात आणि कर्ज डोक्यावर असताना दोन हंगाम म्हणजे काय, हे ऊसवाल्याला आम्ही काय सांगावे!

आता आपल्या कारखान्याकडे वळू. आपल्या सभासदाला एक मत, मग शेअर कितीही असोत. हे चांगलेच आहे. पण एक मत सारखे असले तरी अंतर सारखे नाही. गव्हाणीजवळच्या सभासदाला तक्रार असली तर तो सायकलवर येऊन शेतकी अधिकाऱ्याला धरतो. दरेकसाच्या सभासदाचा दिवस जातो. (लोकसभेचेही तसेच आहे. आपला गडचिरोली-चिमूर मतदारसंघ दरेकसापासून पार सिरोंचापर्यंत पसरला आहे. खासदाराची गाठ पडायची कशी?) टोळ्या लांबच्या फडात जायला नाखूष. गाडी चुकली की तोडलेला ऊस फडातच वाळतो. पैसा वजनावर, आणि घटलेल्या वजनाचे नुकसान सभासदाचे. ही गोष्ट मोठ्या गटाचा संचालक मांडणार नाही असे नव्हे. पण आपल्या गटातल्या पाचशे तक्रारींखाली ती दबेल.

म्हणून आमचे मत असे की दरेकसाची जागा ठेवावी, आणि ती नुसती खुर्ची राहू नये. तोडणी आणि वाहतूक जिथे ठरते त्या शेतकी समितीत त्या संचालकाला उपविधीनेच बसवावे. कृपेने बसवलेला माणूस पुढच्या साली उठवता येतो. संचालकानेही मंडळाची बैठक झाली की गटात येऊन काय मांडले आणि काय नाकारले गेले, ते सांगावे. आजवर हे झालेले नाही. तिथले सभासद जागेवर पाणी सोडायला निघाले त्याचे कारण आम्हाला तरी हेच दिसते.

मोठ्या गटातल्या सभासदांना एवढेच विचारतो, एका जागेने तुमचे किती घटते? आणि लांबचा ऊस तुटला तर पुढच्या साली गाळपाला तेवढा ऊस कुठून आणायचा?

मागच्या तीन हंगामांतल्या दरेकसा गटाच्या तोडणीच्या तारखा, नोंदीच्या तारखांसह, आम्ही गट ऑफिसात काढून ठेवल्या आहेत. शेजारी मोठ्या गटाच्याही ठेवल्या आहेत. सभेला येण्याआधी दोन्ही वह्या चाळाव्यात. रविवारीही ऑफिस दुपारपर्यंत उघडे राहील.