पहिल्या चित्रपटाच्या गल्लीतले पाहुणे

फ्रान्समधील लियाँ शहरात एका रस्त्याचे नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असे आहे. मार्च १८९५ मध्ये लुई ल्युमिएरने येथेच आपला कॅमेरा लावला आणि कारखाना सुटल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले. फिल्म जेमतेम पन्नास सेकंदांची! त्या कारखान्याच्या शेडचा काही भाग अजून उभा आहे. तेथे आता चित्रपटगृह आहे आणि दर ऑक्टोबरात ल्युमिएर महोत्सवाचे पाहुणे तेथे हजेरी लावतात.

दिग्दर्शक बर्त्राँ ताव्हर्निये आणि थिएरी फ्रेमो यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवात चित्रपटांची स्पर्धा नसते. दाखवले जातात ते बहुतांशी जुने, डागडुजी करून नव्याने जिवंत केलेले चित्रपट. मग तिकीट काढून लोक येतात कशासाठी? त्याचे एक उत्तर आहे पाहुणे. खेळ सुरू होण्याआधी एखादा दिग्दर्शक, नट किंवा चित्रपटांचा अभ्यासक पडद्यासमोर उभा राहतो आणि हा चित्रपट का पाहावा, ते चार शब्दांत सांगतो. गंमत म्हणजे तो चित्रपट अनेकदा त्याचा स्वतःचा नसतोच!

क्वेंटिन टॅरंटिनोला २०१३ मध्ये येथील मानाचा ल्युमिएर पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये तो पुन्हा आला, तो १९७० या एकाच वर्षातले इतरांचे चित्रपट घेऊन. ताव्हर्निये तर दिग्दर्शकही होते आणि व्यासंगी अभ्यासकही. लियाँतच जन्मलेल्या या माणसाने २०२१ मध्ये निधन होईपर्यंत दुसऱ्यांच्या चित्रपटांचे गुण गायले.

पुरस्काराचा मानकरीही येथे नुसता हार घालून घेत नाही. २०१५ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीने त्याच रस्त्यावर कॅमेरा लावून कामगारांचे ते दृश्य पुन्हा चित्रित केले.

ल्युमिएर बंधूंचे आपल्याशीही जुने नाते आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या. त्यातूनच सावेदादा अर्थात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांना कॅमेऱ्याचा ध्यास लागला आणि १८९९ मध्ये त्यांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. पण जपणूक मात्र आपल्याला जमली नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) आज थोडासाच भाग पाहायला मिळतो. रिळे सडतात, हे खरे. पण त्याआधी माणसे त्यांना विसरतात.

म्हणूनच २०२५ मध्ये फ्रान्समधल्याच कान महोत्सवात घडलेला प्रसंग मोलाचा. सत्यजित राय यांच्या 'अरण्येर दिनरात्रि'ची (१९७०) नवी प्रत तेथे दाखवली गेली, तेव्हा शर्मिला टागोर आणि सिमी गरेवाल उपस्थित होत्या. चित्रपटाची ओळख करून दिली ती वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाने. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या बंगाली चित्रपटासाठी परक्या देशातला कलावंत उभा राहिला.

असा पाहुणा घरातही असू शकतो. टीव्हीवर जुना कृष्णधवल चित्रपट लागला, की मुले चॅनेल बदलू पाहतात. तेवढ्यात आजी म्हणते, "थांबा रे, यातली एक गंमत सांगते." मुले थांबतात. आणि तो चित्रपट आणखी एक पिढी जगतो.