बोटांचे दरपत्रक

फॅब्रिकेशनच्या गाळ्यात कामगाराचे बोट तुटले की चौकशीपूर्वीच निकाल लागलेला असतो : कामगाराचा निष्काळजीपणा. मालक तो उच्चारतो, मुकादम दुजोरा देतो आणि रुग्णालयाच्या खाटेवरचा कामगारही पुष्कळदा मान खाली घालून तो मान्य करतो. दरवर्षी 4 मार्चला साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या फलकांवर हेच तत्त्वज्ञान अधिक गोड भाषेत वाचावयास मिळते. या तत्त्वज्ञानाचा एकदा हिशेब घेतला पाहिजे.

प्रथम यंत्राकडे पाहू. लोखंडी अँगल व पाइप कापणाऱ्या कट-ऑफ मशीनची चकती साधारणतः 14 इंची असते. कुरुंदासारखे कठीण कण राळेने बांधून ती केलेली असते. अशा चकतीवर बहुधा सेकंदाला 80 मीटर ही कडेच्या वेगाची कमाल मर्यादा छापलेली असते. म्हणजे ताशी 288 किलोमीटर! या वेगाने फिरणारी चकती फुटली तर तिचे तुकडे कामगाराच्या दक्षतेला जुमानत नाहीत. त्यांना अडवतो तो गार्ड. नग व्हाइसमध्ये घट्ट आवळलेला नसेल, किंवा कापला जाणारा तुकडा खाली पडण्यास मोकळा नसेल, तर फट मिटते आणि चकती चिमटते. मग ती फुटते, अथवा हातातला ग्राइंडर उसळून अंगावर येतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. गार्ड काढून त्याला मोठी चकती लावणे म्हणजे तिला तिच्या मर्यादेपलीकडे पळवणे होय. लाकडाचे दातेरी पाते चढवणे याहूनही घातक. कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूने घासकाम करणे हाही तिला फोडण्याचाच मार्ग.

यावर मालकांचे उत्तर ठरलेले आहे : "गार्ड कामगारच काढतात." होय, कित्येकदा काढतात. पण का काढतात? काम उक्ते असते. खिडकीच्या जाळीमागे दर ठरलेला असतो. नग आवळण्यात, चकती बदलण्यात, चष्मा पुसण्यात जाणारे प्रत्येक मिनिट मजुरीतून वजा होते. वेळ वाचतो तो मालकाचा आणि बोट जाते ते कामगाराचे! अशा व्यवहारात कामगाराच्या 'निवडी'ची भाषा करणे हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

आणि कायदा? 1948 च्या कारखाना कायद्याने कलम 21 अन्वये यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण बंधनकारक केले, कलम 35 मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद केली. परंतु वीज वापरणाऱ्या जागेत 10 कामगार असतील तरच सामान्यतः तो 'कारखाना' ठरे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही मर्यादा 20 वर नेली. चकती मात्र हजेरीपट मोजून फुटत नाही. चार माणसांच्या गाळ्यात तिचा वेग कमी होत नाही.

बोट तुटल्यानंतरचा हिशेब मात्र कायद्याने फार पूर्वीच बारकाईने मांडला होता. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के, करंगळी गेल्यास 7 टक्के घटल्याचे धरले जाई. भरपाई हवीच, ती लढून मिळवलेली आहे. पण बोटांचे दरपत्रक तयार ठेवणारी आणि गार्डची तपासणी टाळणारी व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे, हे सांगावयास नको.

येथे आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. बोनस आणि महागाईभत्त्यासाठी आपण रस्त्यावर येतो. गार्डसाठी किती वेळा आलो? सुरक्षितता ही 'तांत्रिक बाब' म्हणून मालकाच्या स्वाधीन करणे म्हणजे कामगाराचा देहच त्याच्या स्वाधीन करणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. गार्डविना यंत्र चालणार नाही. व्हाइस, चष्मा, तोंडावरची ढाल आणि मुदतीतील चकत्या मालकाच्या खर्चाने मिळतील. तडा गेलेली चकती नाकारणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही. उक्त्या दरात नग आवळण्याचा वेळ धरला जाईल. गाळा लहान आहे म्हणून निरीक्षक उंबऱ्यावरून परतणार नाही.

दसऱ्याला याच यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पूजेला आमची हरकत नाही. पण माळेखाली गार्ड आहे की नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याने वाकून पाहावे आणि नसेल तेथे यंत्र बंद ठेवण्याचा आग्रह धरावा.