बाहेरचं बाकडं

मुलांनो, आज मी तुम्हाला हॉटेलात जेवायला नेणार आहे. खिशात पैसे नसले तरी चालतील, कान मात्र उघडे ठेवा.

शहाद्याला एस.टी. स्टँडजवळ एक छोटंसं हॉटेल आहे. पाटीवर ‘चहा, कॉफी व भोजन’ असं लिहिलंय. कॉफी मागणारा माणूस महिन्यातून एखादाच येतो, पण दुपारी बारा वाजले की भोजनाला गर्दी होते. आत चार टेबलं आणि बाहेर भिंतीला लागून एक बाकडं. ज्वारीची भाकरी, लालभडक तर्रीची शेवभाजी, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, वरण-भात असं ताट असतं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. भाकरी थापतात त्या काकू.

आमच्या चौथीच्या वर्गात ‘मुलाखत’ हा पाठ चालू होता. मी म्हटलं, फळ्यावर किती वेळ शिकायचं? बाजाराच्या दिवशी सहा मुलांना घेऊन मी आप्पांकडे गेलो. आधी त्यांची परवानगी घेतली, बरं का! मुलांनी जेवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचा होता, “इथं जेवायला कसं वाटतं?” उत्तर जसंच्या तसं वहीत लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

पहिले भेटले एस.टी.चे कंडक्टर. ते म्हणाले, “मला जेवायला मिळतात जेमतेम पंधरा मिनिटं. आमची गाडी स्टँडात शिरताना आप्पा बघतात. मी हात धुवून येईपर्यंत ताट तयार!”

नाशिकहून आलेल्या एका औषध कंपनीच्या काकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते म्हणाले, “लिही बाळा, भाजी फार तिखट आहे.” मग तिसरा पेला पाणी पिऊन म्हणाले, “आणि हेही लिही, उद्या पुन्हा येणार आहे.” नंदुरबार जिल्हा म्हणजे मिरचीचा मुलूख, हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं!

एक शेतकरीदादा म्हणाले, “आज भाकरी गार मिळाली.” लिहिणारा मुलगा घाबरून माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, “लिही. तक्रारसुद्धा अनुभवच असतो.”

कॉलेजात शिकणारी एक ताई म्हणाली, “पहिल्या दिवशी एकटी आले, तेव्हा सगळी माणसं माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. घास घशाखाली उतरेना. काकूंनी मला त्यांच्या चुलीजवळच्या टेबलावर बसवलं आणि गावाकडची चौकशी केली. आता तीच माझी जागा.”

पाहिलंत? आम्ही गेलो होतो जेवणाबद्दल विचारायला, आणि लोक सांगत होते माणसांबद्दल.

आमच्या वर्गात धडगावकडची एक मुलगी आहे. ती हळूच बाहेर गेली. बाकड्यावर एक म्हातारेबाबा मांडीवर ताट घेऊन जेवत होते. डोंगरातून बाजाराला आलेले. आत एक टेबल रिकामं होतं. तिनं त्यांच्याच पावरी बोलीत विचारलं, “बाबा, आत जागा आहे, मग बाहेर का बसलात?”

बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते तिनं मला मराठीत सांगितलं. बाबा तिच्याएवढे असताना वडिलांबरोबर एका गावी बाजाराला गेले होते. भूक लागली म्हणून दोघं हॉटेलात शिरले. तिथला माणूस ओरडला, “ए, बाहेर बसा!” वडील काही न बोलता बाहेर जाऊन बसले. तेव्हापासून बाबा कुठल्याही हॉटेलात बाहेरच बसतात.

“पण आप्पा तर कुणाला ओरडत नाहीत,” ती म्हणाली.

“नाही ओरडत. चांगला माणूस आहे. पण माझा पाय आत जात नाही,” बाबा म्हणाले.

मी आप्पांना हे सांगितलं. ते गप्पच झाले. मग अहिराणीत म्हणाले, “माले वाटनं, बाबाले वारा आवडस.” म्हणजे त्यांना वाटत होतं, बाबांना वारा आवडतो म्हणून ते बाहेर बसतात. आणि खरं सांगू? मी स्वतः तिथं कितीतरी वेळा जेवलोय. त्या बाकड्यावरच्या बाबांना पाहिलंय. मी शिक्षक, पण मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. विचारलं ते नऊ वर्षांच्या मुलीनं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कोल्हापूरची एक खरी गोष्ट सांगितली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतले असून पाण्याच्या हौदाला शिवले, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. पण त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. मग महाराज काय करत? त्या हॉटेलापाशी आपली गाडी थांबवत, गंगारामांच्या हातचा चहा स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत! राजाच गिऱ्हाईक झाल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती?

26 जानेवारी 1950 पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या 15व्या कलमात लिहिलंय, की धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात किंवा हॉटेलात जाण्यापासून अडवता येणार नाही. म्हणजे बाबांच्या मालकीचं रिकामं टेबल कायद्यात केव्हाचं मांडून ठेवलेलं आहे. पण मनात बसलेला ‘ए, बाहेर बसा’ हा आवाज नुसत्या कायद्यानं जात नाही. त्याच्यासाठी कुणीतरी ‘आत या’ म्हणावं लागतं.

पुढच्या बाजाराला आप्पा स्वतः बाहेर गेले, त्यांनी बाबांचं ताट हातात घेतलं आणि ते आतल्या टेबलावर नेऊन ठेवलं. शेजारी आमची विद्यार्थिनी उभी होतीच. बाबा आत आले. दाराजवळच्या टेबलाशी अगदी कडेला बसले. अजूनही ते तिथंच, दारापाशी बसतात. असू दे. आत तर बसतात! आणि हो, आप्पांनी मुलांची वही वाचली. शेतकरीदादांना आता गरम भाकरी मिळते.

आता तुमचं काम. उद्या शाळेत पोषण आहाराची खिचडी वाढतील, तेव्हा पंगतीवरून एकदा नजर फिरवा. कुणी कडेला, एकटं बसलंय का? ‘त्याला तिथंच आवडतं’ असं मनाशी ठरवून टाकू नका. जवळ जाऊन विचारा. आणि आपण थोडं सरकून बसा.

आई-बाबांनो, तुम्हीही.