वाळवंटात लढली ती कोणती मटिल्डा?

उत्तर आफ्रिकेतल्या लढायांवर बोलायची वेळ आली की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले, मटिल्डा एक आणि मटिल्डा दोन हे दोन्ही ब्रिटिश रणगाडे तिथे लढले. दुसरे, सुरुवातीचे ब्रिटिश रणगाडे म्हणजे सगळे पत्र्याचे डबे, म्हणून जर्मन सेनापती रोमेलने त्यांचा फडशा पाडला. पहिले विधान साफ चूक आहे. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि म्हणूनच ते खोडायला जास्त अवघड जाते.

आधी मटिल्डा एक पाहू. लष्करी नोंदींत तिचे नाव ए-११. व्हिकर्स कंपनीने कमीत कमी खर्चात बसवलेला हा रणगाडा. आत माणसे दोन, शस्त्र म्हणून एक मशिनगन, वेग ताशी जेमतेम १३ किलोमीटर. चिलखत मात्र ६० मिलिमीटरचे, त्या काळाच्या मानाने दणकट. २१ मे १९४० रोजी फ्रान्समध्ये अरासपाशी ब्रिटिशांनी प्रतिहल्ला केला, तेव्हा त्यांच्याकडे ५८ मटिल्डा एक आणि १६ मटिल्डा दोन होत्या. पुढच्या काही दिवसांत डंकर्कची पळापळ झाली. फ्रान्सला नेलेल्या ए-११ गाड्या तिथेच सोडाव्या लागल्या, इंग्लंडात उरलेल्या शिकाऊ जवानांच्या हाती गेल्या. वाळवंटात त्यातली एकही लढली नाही.

मग गैरसमज कुठून आला? अरासला लढल्या त्या रॉयल टँक रेजिमेंटच्या चौथ्या आणि सातव्या तुकड्या. पुढे वाळवंटात मटिल्डा घेऊन उतरल्या त्याही ह्याच दोन. अरासला समोर रोमेल होता, १९४१ मध्ये आफ्रिकेतही समोर रोमेलच. तुकड्या त्याच आणि शत्रूही तोच, तेव्हा रणगाडेही तेच असणार, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आणि पुढच्याने ते उतरवून घेतले. प्रत्यक्षात मधल्या काळात एक मोठा निर्णय झाला होता. ऑगस्ट १९४० मध्ये, इंग्लंडवर स्वारी होईल की काय अशी धास्ती असताना, चर्चिल सरकारने दीडशेच्या आसपास रणगाडे इजिप्तला धाडले. त्यात पायदळाच्या साथीचे म्हणून जे रणगाडे होते, ते ए-१२, म्हणजे मटिल्डा दोन.

छायाचित्र हाती असेल तर ह्या दोघींत फरक करायला तज्ज्ञ लागत नाही. ए-११ ची चाके आणि पट्टा उघडे दिसतात. ए-१२ च्या बाजूंना जाड पोलादी झडपा आहेत आणि त्यांत वरच्या पट्ट्यावरचा चिखल बाहेर पडावा म्हणून तिरकी भोके ठेवली आहेत. बुरूज पाहिला तरी चालेल. एकीत एक माणूस मावेल एवढा, त्यातून मशिनगन डोकावते. दुसरीत तिघांना पुरेल एवढा, त्यावर दोन पौंडी तोफ. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मटिल्डा दोन आहे. तिच्या बाजूला उभे राहिले की ए-११ शी तिची गल्लत का होऊ नये हे डोळ्यांनाच कळते.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो: ही सगळी हौशी लोकांची कलाकुसर, एक काय न् दोन काय, इतिहासाला काय फरक पडतो? पडतो. ९ डिसेंबर १९४० च्या सकाळी इजिप्तमधल्या निबेइवाच्या इटालियन तळावर सातव्या तुकडीच्या मटिल्डा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून शिरल्या. त्यांच्यामागे चौथ्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ होते. इटालियन तोफांचे गोळे ७८ मिलिमीटरच्या चिलखतावरून निसटत होते. तळाचा सेनापती मालेत्ती लढताना पडला आणि सकाळ सरायच्या आत तळ हातात आला. इथे ए-११ असती, तर शत्रूच्या रणगाड्यांवर डागायला तिच्याकडे तोफच नव्हती. निबेइवाचा विजय ‘इटालियन घाबरट होते’ एवढ्यावर उडवून लावणाऱ्यांना त्या सकाळी कोणता रणगाडा समोर होता हे ठाऊक नसते. इटालियन तोफची गोळे टाकत तोफांपाशीच मेले.

आता दुसरे विधान, पत्र्याच्या डब्यांचे. १५ जून १९४१ रोजी इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या हाल्फाया खिंडीवर तीच मटिल्डा चालून गेली. खिंडीच्या माथ्यावर जर्मनांनी ८८ मिलिमीटरच्या मोजक्या तोफा जमिनीत इतक्या खोल पुरल्या होत्या की दुरून दिसावे ते फक्त नळकांडे. वरच्या बाजूने आलेल्या मटिल्डा काही वेळात जवळजवळ सगळ्या निकामी झाल्या. खालून, किनाऱ्याच्या अंगाने, अकराव्या भारतीय ब्रिगेडचे मराठा लाइट इन्फन्ट्री आणि राजपुताना रायफल्सचे जवान चढत होते. त्यांच्या साथीचे रणगाडे सुरुंगांत अडकले. सहा महिन्यांत मटिल्डाचे चिलखत पातळ झाले नव्हते. दुखणे तोफेत होते, खरे तर तोफेच्या गोळ्यात. दोन पौंडी तोफेसाठी रणगाड्यांना मिळत होता तो चिलखत भेदणारा ठोस गोळा. फुटून भोवतालची माणसे टिपणारा गोळा दिलेलाच नव्हता. पुरलेली तोफ मोडायची तर तिच्यामागचे तोफची मारले पाहिजेत, आणि त्यासाठी मटिल्डापाशी होती फक्त मशिनगन. ८८ मिलिमीटरची तोफ मात्र दीड किलोमीटरवरूनही तिला भोसकू शकत होती. हा दोष चिलखतावर ढकलला की ज्यांनी असा दारूगोळा ठरवला ते कागदावरचे शहाणे सहीसलामत सुटतात.

पातळ पत्र्याचा आरोप काही रणगाड्यांना खरोखर लागू आहे. पण ते कोणते, हे सांगायचे कष्ट कुणी घेत नाही. डिसेंबर १९४० मध्ये सातव्या आर्मर्ड डिव्हिजनमधले बहुतेक रणगाडे ‘लाइट टँक’ होते. तीन माणसे, दोन मशिनगन आणि जास्तीत जास्त १४ मिलिमीटरचे चिलखत. टेहळणीसाठी बनवलेली ही गाडी, आणि टेहळणीत ती कामाची होती. क्रूझर, म्हणजे वेगवान हालचालींसाठीचे रणगाडे, त्यांतला ए-९ ही १४ मिलिमीटरचाच. ए-१० ला ३० मिलिमीटर, पण तो मंद. ए-१३ ची गत आणखी निराळी. क्रिस्टी पद्धतीची मोठी चाके, भन्नाट वेग, आणि पुढच्या आवृत्तीत बुरुजाला पाचरीसारखे जादा पत्रे. फेब्रुवारी १९४१ मध्ये लिबियात बेदा फोमला इटालियन दहाव्या सैन्याची वाट अडवली, त्यात हे क्रूझरही होते. ए-९ आणि ए-१० ह्यांची चाके सारखी दिसतात, पण ए-९ च्या चालकाच्या दोन्ही बाजूंना मशिनगनचे छोटे बुरूज आहेत, ए-१० ला नाहीत. एवढी खूण पुरेशी आहे.

वाळवंटात लढलेल्या रणगाड्यांच्या याद्यांत आणखी एक घुसखोर आढळतो, कव्हेनन्टर. सतराशेहून अधिक बनले, चाचणीपुरते काही इजिप्तला गेले, पण वाळवंटातल्या लढाईत तो उतरला नाही. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे गरम पाण्याचे नळ माणसांच्या जागेतून जात. वाळवंटाला ह्याहून वाईट रचना सुचवणे कठीण. लढला तो क्रुसेडर, आणि त्याला एका बाजूला पाच मोठी चाके. कव्हेनन्टरला चार. मात्र चार चाके दिसली की लगेच कव्हेनन्टर म्हणून मोकळे होऊ नये, ए-१३ लाही चारच आहेत. चालकाच्या शेजारी, पुढच्या डाव्या अंगाला रेडिएटरची झाकणे दिसली तरच तो कव्हेनन्टर.

चित्र नसेल तर तारीख पाहावी. उदाहरण पहिल्या महायुद्धातले घेऊ. गाझाच्या दुसऱ्या लढाईत, एप्रिल १९१७ मध्ये, ब्रिटिशांनी आठ रणगाडे आणले होते. ते ‘मार्क चार’ होते असे कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याला एवढेच सांगावे की मार्क चार पहिल्यांदा रणांगणात उतरला तो ७ जून १९१७ ला, बेल्जियममध्ये मेसिनला. एप्रिलमध्ये गाझाला होती ती आधीच्या पिढीची, वापरून झिजलेली यंत्रे. मार्क चार तिथे पोहोचले ते नोव्हेंबरच्या लढाईला, आणि तेही थोडेच.

युद्धावर लिहिणाऱ्यांना, प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांना आणि पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या छापणाऱ्यांना एक विनंती आहे. चित्राखाली ‘वाळवंटातील मटिल्डा’ लिहिण्याआधी पट्ट्याकडे पाहा. तो उघडा असेल तर ते चित्र वाळवंटात लढलेल्या मटिल्डाचे नाही, ओळ खोडा.