काकडी धुतली, पण कोणत्या पाण्याने?

अमेरिकेत २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे काकडीतून साल्मोनेला जंतूंची लागण पसरली. २०२४ च्या उन्हाळ्यातील साथीत ५५१ जण आजारी पडले आणि १५५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. फ्लोरिडातील एका शेतात वापरलेल्या, प्रक्रिया न केलेल्या कालव्याच्या पाण्यात साथीतील जंतूंचा एक प्रकार सापडला. अशा बातमीनंतर मनात प्रश्न येतो, की आता काकडी खायची की नाही?

काकडी जरूर खा. मात्र या बातमीतला धडा पाण्याचा आहे, आणि तो आपल्यालाही लागू पडतो.

आपल्याकडे धोका कुठे?

जालना शहराला जायकवाडी आणि घाणेवाडी येथून पाणी मिळते, पण नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात अनेक गावे टँकरवर असतात. त्यामुळे पाणी टाकी, ड्रम, पिंपात साठवले जाते. ते दूषित असेल, तर काकडी धुऊनही स्वच्छ होत नाही. शिजवलेल्या भाजीतले जंतू उष्णतेने मरतात. कोशिंबिरीला ती संधी मिळत नाही.

दूषित पाणी काय करू शकते हे २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात दिसले. सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जंतू आढळले. तिथे काकडीचा संबंध नव्हता. पण जुलाबाच्या साध्या जंतूंनंतर क्वचित हातापायांतील ताकद जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे.

घरी काय करावे?

- आधी हात साबणाने धुवा. काकडीला साबण लावू नका.
- सोलणार असाल तरी आधी धुवा. सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात.
- बादलीत सगळ्या काकड्या एकत्र बुडवू नका. एकेक काकडी हाताने चोळत वरून तांब्याने पाणी ओता.
- शेवटचे पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीनने शुद्ध केलेले असावे. मिठाच्या पाण्यात भिजवून जंतू मरतील याची खात्री नाही.
- मटण-चिकनची सुरी आणि पाट काकडीसाठी वापरू नका.
- कोशिंबीर जेवणाच्या वेळीच करा. चिरलेली काकडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा; कडक उन्हाळ्यात तासाभरातच. वीज बराच वेळ गेली असेल, तर उरलेली टाकून द्या.

देठाचा तुकडा कापून घासल्याने जंतू जात नाहीत.

हॉटेलात आणि गाडीवर

ढाब्यावर काकडी-कांद्याची ताटली अनेकदा आधीच चिरून ठेवलेली असते. गाडीवरच्या फोडी ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर पाणी शिंपडतात. ते पाणी कुठले, हे आपल्याला कळत नाही. म्हणून समोर धुऊन चिरलेली काकडीच घ्या; शंका असेल तर ती बाजूला ठेवून गरम जेवण घ्या. गर्भवती, लहान मुले, वृद्ध, मधुमेही, केमोथेरपी किंवा डायलिसिस सुरू असलेले रुग्ण यांनी बाहेरची कच्ची कोशिंबीर टाळावी. हॉटेलातील अस्वच्छतेची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

साल्मोनेलाची लक्षणे साधारण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत दिसू लागतात. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. बाळाचे स्तनपान थांबवू नका. मनाने अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवण्याच्या गोळ्या घेऊ नका. पुढीलपैकी काही दिसल्यास लगेच रुग्णालयात जा:

- शौचात रक्त किंवा जोराचा ताप
- लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे
- सतत उलट्या, पाणीही न टिकणे
- जुलाबानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत हातापायांत मुंग्या, चालताना अशक्तपणा

उन्हाळ्यात काकडी शरीराला पाणी देते, ती ताटातून काढू नका. फक्त ती ज्या पाण्याने धुता, ते पाणी पिण्यायोग्य आहे ना, एवढे आधी पाहा.