पेज फॉल्ट मोजले. खोळंबा कोण मोजणार?

ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाच्या परीक्षेत एक प्रश्न हटकून येतो. पानांचा क्रम दिलेला असतो, तीन-चार चौकटी असतात आणि ‘फिफो’ व ‘एलआरयू’ पद्धतींनी किती पेज फॉल्ट होतात ते मोजायचे असते. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत काय किंवा पुण्यात काय, विद्यार्थी हे कोष्टक डोळे मिटून भरतात. उत्तर ९ आले की गुण पदरात. त्या ९ फॉल्टांपायी प्रोग्रॅम किती वेळ खोळंबला, हे कुणी विचारत नाही. स्वॅपच्या बाबतीत खरा प्रश्न तर तोच आहे.

समजा, बंगळुरूच्या राजाजीनगरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे ४ जीबी रॅमचा, फिरत्या हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप आहे. ब्राउझर आणि कंपायलर एकत्र चालले की रॅम भरते आणि कर्नेल कमी वापरातली ४०९६ बाइटांची पाने डिस्कवरील स्वॅपमध्ये हलवतो. पुन्हा गरज पडली की ती परत आणावी लागतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कलाही नुसत्या अर्ध्या फेरीस ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. वाचणारे टोक हलवण्याचा वेळ धरला तर एका पानामागे साधारण १० मिलिसेकंद. विखुरलेली ५०० पाने एकामागून एक आणायची तर ५ सेकंद गेले. एनव्हीएमई एसएसडीवर पानामागे सुमारे १०० मायक्रोसेकंद धरले, तर तेच काम ५० मिलिसेकंदांत उरकते. झेडरॅममध्ये पाने रॅममध्येच संकुचित करून ठेवलेली असतात, त्यामुळे त्याहूनही लवकर. (शेजारची पाने आगाऊ आणण्याची कर्नेलची सोय हा हिशेब थोडा सैल करते, मोडत नाही.) फॉल्ट तिन्हीकडे ५००च. मग त्या संख्येने सांगितले काय?

‘स्वॅप इतके टक्के वापरात’ हा आकडाही तसाच फसवा. सकाळी बाहेर गेलेले आणि दिवसभर न लागलेले पान कुणाचाही वेळ खात नाही. उलट स्वॅप जेमतेम भरलेला असूनही तीच पाने सतत आत-बाहेर करत असतील तर यंत्र ठप्प होते. या ‘थ्रॅशिंग’ची कारणे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच मांडली. तरीही ‘स्वॅप बंद करा, लॅपटॉप पळेल’ हा सल्ला आजही छातीठोकपणे दिला जातो. स्वॅप नसला की कर्नेल प्रोग्रॅमच्या फायलींची पाने टाकून देतो आणि तीच डिस्कवरून पुन्हा वाचतो. खोळंबा तसाच राहतो. स्वॅपच्या आकड्यात तो दिसत नाही, एवढेच.

मोजण्याचे साधन नाही, ही सबबही टिकत नाही. २००६ मध्ये लिनक्स २.६.१८ मध्ये ‘डिले अकाउंटिंग’ आले. एखादी प्रक्रिया सीपीयूसाठी, डिस्कसाठी आणि स्वॅपमधून पान येण्यासाठी किती नॅनोसेकंद थांबली, याची वेगवेगळी नोंद ते ठेवते. ते घडवणाऱ्यांत शैलभ नागर यांच्यासोबत आयबीएमच्या बंगळुरू केंद्रातील बलबीर सिंग होते. २०१८ च्या ४.२० आवृत्तीत योहानेस वाइनर यांचे ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ दाखल झाले. मेमरीअभावी किमान एक काम किंवा सगळीच कामे किती टक्के वेळ अडकली, हे ते १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीने सांगते.

आणि २०२१ मध्ये काय झाले? ५.१४ आवृत्तीपासून डिले अकाउंटिंग मुळातच बंद ठेवले जाऊ लागले. ते फारसे कुणी वापरत नसावे, असे गृहीत धरले गेले. या गृहीतकाला उत्तर देणार तरी कोण? ज्यांना ते वर्गात कधी दाखवलेच नाही, ते विद्यार्थी?

कागदावरचे कोष्टक पद्धत समजावते, हे मान्य. पण प्रयोगशाळेतही त्याच कोष्टकाची सी भाषेत नक्कल करून घेणे म्हणजे तापमापक हाताशी असताना तापाचे चित्र काढणे होय. बूट करताना ‘डिलेअ‍ॅक्ट’ हा पर्याय द्यावा, सीग्रुपने मेमरीची मर्यादा घालावी (तो मेमरी कंट्रोलरही २००८ मध्ये कर्नेलमध्ये आला, त्यातही सिंग यांचा मोठा वाटा) आणि एकच प्रोग्रॅम हार्ड डिस्क, एसएसडी व झेडरॅम या तीन स्वॅपांवर चालवून प्रत्येकाचा खोळंबा वहीत लिहावा. दोन तासांच्या एका प्रात्यक्षिकात हे बसते.