बुडीत क्षेत्राचा इतिहास कोणी लिहावयाचा?

पुणे जिल्ह्याचा इतिहास शिवनेरीपासून सुरू करण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. वास्तविक याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी इ. स. पूर्व १६०० ते ७०० असे सुमारे नऊशे वर्षे एक शेतकरी गाव नांदत होते. डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात ते उकरून काढले. तेथे राजवाडा सापडला नाही. सापडली ती शंभराहून अधिक घरे, चुली, जळके धान्य, पुराचे पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट आणि धान्याचे कोठार. कोठाराला लागून असलेले घर मात्र इतरांहून मोठे, पाच खोल्यांचे होते! धान्याची किल्ली कोणाच्या हाती होती, हे सांगावयास शिलालेखाची गरज नाही.

या गावाला सनावळी मिळाली ती कर्ब-१४ पद्धतीमुळे. अमेरिकन शास्त्रज्ञ लिबी यांनी १९४९ साली ती सिद्ध केली. सजीव जिवंत असेतो हवेतील किरणोत्सारी कर्ब घेत राहतो. मेल्यानंतर तो साठा ५,७३० वर्षांत निम्मा होतो. तेव्हा चुलीतल्या कोळशावरून किंवा करपलेल्या जवाच्या दाण्यावरून त्याचे वय काढता येते. हवेतील या कर्बाचे प्रमाण सदैव सारखे नसल्यामुळे वृक्षांच्या वार्षिक वलयांशी ताळा घालून आकडे दुरुस्त करावे लागतात. राजेरजवाड्यांचे ताम्रपट नसलेल्या माणसांनाही कालगणनेत स्थान देणारी ही पद्धत आहे, म्हणून आम्हाला तिचे अगत्य.

या तारखा लावल्यावर दिसले ते असे: इ. स. पूर्व १००० नंतर इनामगावची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेती खालावून शेळ्यामेंढ्या व शिकार यांवरील भिस्त वाढली. पाऊस आटला, हे ढवळीकरांचे अनुमान. सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही, आणि हा वाद निरोगी आहे. परंतु वाद घालता येतो तो माती जागेवर राहिली म्हणून.

घोडप्रमाणेच मुळेचे पाणीही अखेर भीमेला मिळते. त्या मुळेच्या वरच्या खोऱ्यात, मुळशी पेट्यात, जमीन कोरडी पडली नाही, ती बुडविली गेली. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि तरीही सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली गेली. इनामगाव का ओस पडले याचा शोध घ्यावा लागतो. मुळशीबाबत तसा शोध नको. हुकूम कागदावर आहे.

त्या काळी कर्ब-१४ नव्हता, ही सबब तंत्राची झाली. बुडीत जमिनीचा अभ्यास करावा असे कायद्याला वाटत नव्हते, हे खरे कारण. स्वतंत्र भारतात दुसरी वाट दिसली: नागार्जुनसागराचे पाणी चढण्यापूर्वी, १९५४ ते १९६० मध्ये, नागार्जुनकोंड्याचे खोरे उत्खनित झाले आणि तेथील अश्मयुगापासूनचा माग हाती लागला. परंतु तेथे बौद्ध स्तूप होते, म्हणून लक्ष गेले. ज्या खोऱ्यात केवळ चुली आणि जाती असतील त्याचे काय?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी आवश्यक केली. मात्र ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय पाहणी लागू आहे त्यांना त्यातून वगळले. आमची मागणी अशी की, धरण कोणाचेही असो, बुडीत क्षेत्राची पुरातत्त्वीय पाहणी भिंतीचा पहिला दगड बसण्यापूर्वी व्हावी, नमुन्यांचे कालमापन प्रकल्पाच्या खर्चाने व्हावे, आणि अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. गावकऱ्यांना खापरांची टेकाडे आणि जुन्या बांधांच्या जागा ठाऊक असतात. पाहणी करणाऱ्यांनी त्यांना मजूर म्हणून नव्हे, माहितगार म्हणून बरोबर घ्यावे. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्यातील कार्यकर्त्यांनी पुनर्वसनाच्या मागणीपत्रात हे कलम आतापासूनच घालावे.